साठाचे ऐंशी

विक्रोळी,
१३ फेब्रुवारी १९८३

चि. वनूस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि हे माझं पहिलं पत्र. शिवदास आपल्या जातीचा नाही म्हणून आप्पांनी तुला घर बंद केलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. माझा त्याच्यावर कधी राग नव्हता. पण बोललो नाही ते नाहीच.

लिहायचं कारण असं की शुक्रवारी आमच्या कारखान्यात डॉक्टरांची गाडी आली होती. दोनशे बारा माणसांचं रक्त घेतलं. बाटलीच्या चिठ्ठीवर अंधेरीच्या तुझ्या ऑफिसचं नाव. मी डॉक्टरला विचारलं, "वनमालाबाई आहेत का तिथे?" तो म्हणाला, "त्याच तर कॉम्प्युटरवर सगळे आकडे काढणार." मग काय, लेप खात्यात सगळ्यांना सांगत सुटलो की ती माझी सख्खी बहीण.

बॅटरीच्या कारखान्यात अकरा वर्षं झाली मला. शिशाची पूड मळायची आणि जाळीवर थापायची, हेच आमचं काम. कंपनी रोज दूध आणि गुळाचा खडा देते, त्याने शिसं धुऊन जातं म्हणे. माझ्या पोटात अधूनमधून पीळ पडतो. माझ्याच खात्यातल्या धोंडूच्या हिरड्यांवर निळी रेघ आली आहे, तो रोज आरशात बघतो. मी कामगारांच्या कमिटीत आहे, त्यामुळे सगळे मलाच विचारतात.

माझा टोकन नंबर ३१८. जमलं तर माझा आकडा कळव.

तुझा,
दशरथदादा


बोरिवली,
२ मार्च १९८३

ती. दादास,

सा. न. पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. अक्षर ओळखलं आणि उठून आत गेले. शिवदास म्हणाले, आधी वाच, मग रड.

तू मान खाली घातलीस ते मला दिसलं होतं. पुरे, तो विषय नको.

एकेकाचा आकडा मला सांगता येणार नाही, दादा. तो नियम आहे, आणि साहेब कडक आहेत. कंपनीने त्याच अटीवर आम्हाला आत येऊ दिलं. आमच्याकडे नावं नसतात, फक्त टोकन नंबर. शंभर मिलिलिटर रक्तात साठ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालेल अशी मर्यादा आम्ही धरली आहे. त्याच्या वर जाईल तो माणूस त्या कामावरून हलवायचा, असं अहवालात लिहू. एवढं नक्की की आकडे मीच काढणार आहे, दुसरं कोणी नाही.

तोंडाला फडकं बांधत जा. डबा खाण्याआधी साबणाने हात धू. जानकीवहिनीला नमस्कार. आप्पांची तब्येत कळव.

तुझी,
वनू


विक्रोळी,
२० जून १९८३

चि. वनूस,

आशीर्वाद. इथे वातावरण तापलंय. धोंडू आणि लेप खात्यातली पोरं म्हणतात, अहवालाची वाट कशाला बघायची, आताच काम बंद करू. मागणी एवढीच: सहा महिन्यांनी प्रत्येकाचं खातं बदला आणि धूळ ओढणारे पंखे लावा. मला विचारशील तर मागणी खोटी नाही. पण कंपनीचा मॅनेजर म्हणतो, सरकारी मान्यतेचा अभ्यास चालू आहे, त्यात जे निघेल ते आम्ही मानू.

पोरं माझ्याकडे बघतात. मी त्यांना थांबवू की नको, हे तू सांग. तू सांगशील ते मी बोलेन.

दशरथ


बोरिवली,
९ ऑगस्ट १९८३

ती. दादास,

सा. न. काम झालं. दोनशे बारामध्ये मर्यादेच्या वर फक्त नऊ जण आहेत. जास्त करून भट्टीवरचे. साहेबसुद्धा म्हणाले, एवढं कमी निघेल असं वाटलं नव्हतं.

नियम मोडून एक गोष्ट लिहिते. नऊ जणांच्या यादीत ३१८ नाही. मी तीनदा वाचली. तू ठीक आहेस. पोटाच्या पिळाला दुसरं काही कारण असेल, वहिनीला सांग तिखट कमी कर.

काम बंद करू नका. नऊ जणांना हलवा एवढीच मागणी करा, ती कंपनीला मानावीच लागेल.

तुझी,
वनू


विक्रोळी,
४ सप्टेंबर १९८३

चि. वनूस,

तुझं पत्र खिशात ठेवून गेटवर गेलो. स्टुलावर उभा राहिलो आणि बोललो. म्हटलं, "नऊ माणसं आहेत, त्यांना हलवतील. बाकीच्यांनी भिऊ नका. हा आकडा कोणा दलालाने काढलेला नाही, माझ्या बहिणीने काढलाय." धोंडू मागून म्हणाला, "मग ही माझ्या हिरडीवरची रेघ काय मशेरीची?" सगळे हसले. मीही हसलो. हात वर झाले आणि मागणी मागे घेतली.

आप्पा परवा कोणाला तरी सांगत होते म्हणे, आमची मुलगी कॉम्प्युटर चालवते. मी ऐकलं नाही, जानकीने ऐकलं.

दशरथ


विक्रोळी,
२६ ऑक्टोबर १९८४

चि. वनूस,

दिवाळी बरी झाली. सगळे ठीक. वर्षभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. अक्षर बिघडलंय, पेन चांगलं नाही.

दशरथ


बोरिवली,
११ एप्रिल १९८५

ती. दादास,

हे पत्र सावकाश वाच आणि वाचून झाल्यावर वहिनीलाही वाचून दाखव. मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

आमच्याकडे मृणालिनी नावाची नवी मुलगी आली आहे. जुने सगळे अभ्यास एका ग्रंथात छापायचे म्हणून तिने माझाच प्रोग्राम पुन्हा चालवला. फक्त तुमच्या कारखान्यातली खाती तिने त्यांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लावली. उत्तर आलं एकतीस. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि साधेपणाने विचारलं, "बाई, खात्यांचा क्रम बदलला की आजारी माणसं कशी वाढतात?"

वाढत नाहीत, दादा. ती आधीपासून होती.

साठ हा आकडा मी प्रोग्रामच्या सुरुवातीला ठेवला होता आणि त्याला लिमिट असं नाव दिलं होतं. पुढे एक छोटा उपप्रोग्राम होता. तो एकेक खातं घ्यायचा आणि ज्याचं शिसं लिमिटच्या वर, त्याला यादीत टाकायचा. भट्टीवाल्यांचं रक्त भट्टीशेजारीच घेतलं होतं. बाहेरची धूळ सुईतून गेली असेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्या एका खात्याला वीसची सूट द्या. मी उपप्रोग्रामात एक ओळ घातली: खातं भट्टी असेल तर लिमिटमध्ये वीस मिळव.

मला वाटलं ही बेरीज त्या उपप्रोग्रामापुरतीच, काम झालं की संपली. पण लिमिट मी 'कॉमन'मध्ये ठेवलं होतं. कॉमन म्हणजे सगळ्या प्रोग्रामची सामाईक जागा. तिथला आकडा आतून बदलला की बाहेरही बदलतो, आणि कोणी परत जागेवर आणला नाही तर तसाच राहतो. मी त्याची वेगळी नक्कल करून घ्यायला हवी होती. ती केली नाही. भट्टीचं काम संपलं आणि साठाचे ऐंशी झाले ते झालेच. त्यानंतर आलेली ओतकाम, लेप, जोडणी ही तिन्ही खाती ऐंशीवर तपासली गेली.

तू म्हणशील, तपासलं नाहीस? तपासलं होतं. एकेक खातं वेगळं चालवून हाताने पडताळलं होतं. वेगळं चालवलं की दर वेळी सुरुवात साठापासून व्हायची, म्हणून सगळं बरोबर यायचं. सगळी एका ओळीत चालवली ती फक्त शेवटी, अहवालासाठी. आणि यंत्राने कुठे हरकत घेतली नाही. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं.

मृणालिनीने क्रम बदलला तेव्हा ओतकाम आणि जोडणी भट्टीच्या आधी आली, म्हणून नऊचे एकतीस झाले. लेप तरीही भट्टीच्या मागेच राहिलं, कारण इंग्रजीत भट्टी म्हणजे 'फर्नेस' आणि लेप म्हणजे 'पेस्टिंग'. ओळ दुरुस्त करून मी पुन्हा चालवलं. एकसष्ट आले. बावन्न माणसं माझ्याकडून सुटली, त्यातली तीस एकट्या लेप खात्यातली.

३१८ चं शिसं ७४ आहे. तेव्हाही ७४च होतं. मी यादी तीनदा वाचली आणि तुझा आकडा उघडून एकदाही पाहिला नाही. नियम मोडलाच होता तर पूर्ण मोडायचा होता.

उद्यापासून त्या खात्यात पाऊल टाकू नकोस. रजा घे, काहीही कर. सगळ्यांना सांग.

वनू


बोरिवली,
१८ जून १९८५

ती. दादास,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. तू रागावला आहेस. रागावायलाच हवं. पण त्या खात्यातून बाहेर पडलास का, एवढं एका कार्डावर लिही. एक शब्द पुरे.

साहेबांना मी सगळं दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, "अहवाल जाऊन दोन वर्षं झाली. आता दुरुस्ती पाठवली तर आपले बाकीचे अभ्यास कोण मानेल?" मी म्हटलं, माणसं अजून तिथेच काम करतायत. ते म्हणाले, "मग पुढच्या अभ्यासात येतीलच." मी दुरुस्तीचं पत्र माझ्या सहीने कारखान्याला आणि सरकारी खात्याला रजिस्टर्ड पाठवलं आहे. त्याबद्दल मला मेमो मिळाला आहे.

मी विक्रोळीला येऊन गेले. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. गॅलरीत आप्पा बसले होते, म्हणून वर आले नाही.

वनू


विक्रोळी,
७ जुलै १९८५

ती. वन्संना,

जानकीचा नमस्कार. हे रागावलेले नाहीत, म्हणजे तुम्हाला वाटतं तसे नाहीत. ह्यांना लिहिता येत नाही. गेल्या गणपतीपासून उजवं मनगट खाली पडलंय. हात पुढे केला की पंजा लोंबतो, उचलतच नाही. दिवाळीचं ते पत्र ह्यांनी डाव्या हाताने लिहिलं होतं. मला सांगितलं, वनूला कळवायचं नाही, तिने ठीक आहे म्हणून लिहिलंय, तिला वाटेल मी तिच्यावर संशय घेतो. पालिकेच्या दवाखान्यात नस दबली म्हणाले, मालिश करा. मी वर्षभर तीळतेल चोळत होते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, परत वाच. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेटवर गेले. स्टुलावर चढताना तोल जाऊ नये म्हणून धोंडूभावजींनी धरलं, आणि पत्र त्यांनाच वाचायला दिलं.

धोंडूभावजी सांगत होते, निम्मं वाचून होईपर्यंत कोणी हललं नाही. मग सीताराम म्हणून जोडणीतला एक आहे, तो म्हणाला, "तेव्हा पण तुझ्या बहिणीचंच पत्र होतं, आता पण तिचंच. आम्ही कुठलं खरं धरायचं?" लोक पाळीवर निघून गेले. हेसुद्धा गेले, लेप खात्यातच. दुसरीकडे कोण घेणार होतं?

कंपनीने आता स्वतःच्या डॉक्टरकडून सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलंय.

तुम्ही रस्त्यापर्यंत आलात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी खाली आले असते.

जानकी


विक्रोळी,
२४ नोव्हेंबर १९८५

वनू,

मी सांगतोय, जानकी लिहितेय.

कंपनीच्या तपासणीचा निकाल लागला. सत्तेचाळीस माणसं मर्यादेच्या वर. त्यांना हलवतील असं वाटलं होतं. त्यांना काढून टाकलं. वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. मी, धोंडू, सीताराम, लेप खातं अर्ध्याहून जास्त. त्या जागी नाशिककडची नवी पोरं भरली, ती आता तीच पूड मळतात.

नुकसानभरपाई मागायला गेलो तर मॅनेजरने तुमचा त्र्याऐंशीचा छापील अहवाल काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "ह्यात तुम्ही सगळे ठणठणीत आहात. अकरा वर्षं आमच्याकडे काम करून शिसं चढलं नाही, ते दोन वर्षांत कसं चढलं? बाहेर कुठे तरी चढलं असेल." तुझं दुरुस्तीचं पत्र दाखवलं, तर म्हणाला तो एका बाईचा खाजगी कागद आहे, आणि ती बाई तुमच्या घरची आहे.

माणसं मला रस्त्यात ओळख देत नाहीत. सीतारामची बायको दारात येऊन म्हणाली, पहिला आकडाच बरा होता, निदान पगार येत होता.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "लग्नाचा मी कधीच इसारलंय. सांगूचा ऱ्हवला. आता खयच्या तोंडान बोलवू तिका?"

जानकी म्हणते, लिहा की वनूला माफ केलं. मी तिला ते वाक्य लिहू देत नाहीये. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. पण मी स्टुलावर उभा राहून दोनशे माणसांना थांबवलं, तेही मुद्दाम नव्हतं. मुद्दाम नव्हतं म्हणून धोंडूचं काही परत येत नाही. माझं मीच अजून मिटवू शकलो नाही, तुझं कुठून मिटवू?

वकील म्हणतो कामगार कोर्टात तुला साक्षीला बोलवावं लागेल. येऊ नकोस. नोकरी जाईल, आणि मिळायचं काही नाही.

दशरथ


बोरिवली,
३० ऑगस्ट १९८६

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. मी कोर्टात गेले. तू येणार नाहीस असं वकिलांनी सांगितलं होतं, तरी मी बाकांवर तुला शोधत होते. वहिनी दिसल्या. त्यांनी मला पाणी दिलं.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुमचा पहिला आकडा नऊ, दुसरा एकसष्ट. दोन्ही एकाच यंत्रातून, एकाच बाईच्या हातून. उद्या तिसरा आला तर?" मी म्हटलं, येणार नाही. ते म्हणाले, "पहिल्या वेळीही तुम्हाला खात्री होती ना?" मी हो म्हटलं. तिथेच माझी साक्ष संपली.

मूळ नोंदींची टेप मागवली होती. ऑफिसने लेखी कळवलं की टेप पुसून दुसऱ्या कामाला वापरली गेली. साहेबांनी असं केलं असेल असं मी म्हणत नाही, जुन्या टेपा पुसतातच. माझ्याकडे उरलाय तो गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला प्रिंटआउट, आणि त्यावर कोणाची सही नाही. पुढची तारीख फेब्रुवारीची पडली आहे. नोकरी गेल्या महिन्यात गेली. शिवदास शाळेत शिकवून आले की माझ्याशेजारी बसून राहतात.

त्या प्रिंटआउटमध्ये सुटलेल्या बावन्न जणांचे टोकन नंबर आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचा आकडा. त्र्याऐंशीपासून आजवर तू सोडून त्यातल्या कोणालाही त्याचा स्वतःचा आकडा कोणी सांगितलेला नाही. आम्ही फक्त किती जण ते सांगितलं, आधी चुकीचं, मग बरोबर. मी प्रत्येकाला वेगळं कार्ड लिहिणार आहे. त्याने काही होणार नाही हे मला कळतं. पण तो आकडा त्यांच्या अंगातला होता, माझ्या ऑफिसचा नव्हता.

टोकनवरून नावं आणि पत्ते तुझ्याकडेच मिळतील. वहिनीकडून लिहवून पाठवशील?

वनू


विक्रोळी,
१५ सप्टेंबर १९८६

वन्सं,

यादी सोबत आहे. ह्यांनी दोन दिवस बसून एकेक नाव आठवून सांगितलं. सहा जण गावी गेले, त्यांचे गावचे पत्ते घातलेत. चौघांच्या नावापुढे रेघ आहे. ती माणसं आता नाहीत. त्यांच्या घरी पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ह्यांचं कार्ड लिहू नका म्हणाले. त्यांचा आकडा त्यांना पाठ आहे.

जानकी


मालाड,
२२ ऑक्टोबर १९८६

वनमालाबाईंना धोंडू यांचा रामराम.

तुमचं कार्ड फिरत फिरत पोचलं. मी आता मालाडला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे, बाकड्यावर बसून मुलीकडून लिहवून घेतोय.

माझा आकडा ७७ हे कळलं. तीन वर्षांपूर्वीचा. तुम्ही साठाच्या वर म्हणजे काय ते पण नीट लिहिलंय, मुलीने दोनदा वाचून दाखवलं. कार्ड आमच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्याने बघितलं, परत दिलं, म्हणाला, एवढं जुनं शिसं आता हाडात जाऊन बसलं असेल, ते बाहेर काढायचं औषध माझ्याकडे नाही. सीतारामला पण कार्ड आलं. त्याने न वाचता चुलीत टाकलं.

तुमच्यावर राग धरून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत की काही सांगायचं असेल तर कळवा, म्हणून कळवतोय. त्या वेळी रेघ मी आरशात रोज बघत होतो. मला आकडा नको होता, मला फक्त कोणी खरं मानायला हवं होतं. आता आकडा आलाय. तो घेऊन कुठे जायचं, ते मात्र कार्डावर लिहायचं राहिलं.

लिहायचं असेल तर हाच पत्ता.

धोंडू